हवाईत पर्यटक आणले कुणी? १२० वर्षं जुन्या प्रचार समितीची गोष्ट

हवाई म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? गळ्यात फुलांची लेई, फुलाफुलांचा शर्ट, उकुलेले, हुला नाचणाऱ्या मुली, लाटांवर स्वार झालेले सर्फर आणि 'अलोहा'. तिथे एकदाही न गेलेल्या माणसालाही ही यादी पाठ असते.

ही यादी आपोआप पाठ झालेली नाही. १९०३ मध्ये होनोलुलूतल्या व्यापाऱ्यांनी एक समिती स्थापन केली. तिचं काम एकच होतं, अमेरिकेतल्या लोकांनी पैसे खर्चून प्रशांत महासागराच्या मधोमध असलेल्या या बेटांवर यावं असं वातावरण तयार करणं. तेव्हा वर्षाला सुमारे २ हजार पर्यटक येत. २०१९ मध्ये हा आकडा १ कोटी ४ लाखांवर गेला. बेटांची स्वतःची लोकसंख्या आहे जेमतेम १४ लाख.

ती समिती नावं बदलत आजही सुरू आहे. सध्याचं नाव हवाई व्हिजिटर्स अँड कन्व्हेन्शन ब्युरो. पण गेल्या काही वर्षांत तिथे एक वेगळाच वाद पेटला आहे. पर्यटकांना बोलवायचं की थोपवायचं? आणि बोलवायचंच असेल तर हवाईच्या नावाने बोलण्याचा अधिकार कुणाचा?

आधी राणी गेली, मग जाहिरात आली

या गोष्टीत एक नाव सुरुवातीलाच भेटतं, ते म्हणजे लॉरिन थर्स्टन. हा अमेरिकन मिशनरी घराण्यातला वकील. हवाई तेव्हा स्वतंत्र राज्य होतं. किलाउवेआ ज्वालामुखीच्या काठावरच्या 'व्होल्कॅनो हाउस' हॉटेलात थर्स्टनचा पैसा गुंतलेला होता. १८९२ मध्ये त्याच्याच पुढाकाराने 'हवाईयन ब्युरो ऑफ इन्फर्मेशन' सुरू झाला. बेटांची माहिती छापून परदेशात वाटणं हे त्याचं काम. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात याच माणसाने किलाउवेआचं एक भव्य गोलाकार चित्र उभं केलं. प्रेक्षकाने मध्ये उभं राहायचं आणि चहूबाजूंनी लाव्हा उसळताना पाहायचा. आजच्या भाषेत सांगायचं तर तो त्या काळचा व्हीआर अनुभव होता.

त्याच वर्षी, १७ जानेवारी १८९३ ला, राणी लिलिउओकलानी यांची सत्ता उलथवण्यात आली. कट करणाऱ्या गटाच्या प्रमुखांमध्ये हाच थर्स्टन होता. अमेरिकी युद्धनौकेवरचे सैनिक होनोलुलूत उतरले आणि राणीला पायउतार व्हावं लागलं. १८९८ मध्ये अमेरिकेने हवाई आपल्यात विलीन करून घेतलं. शंभर वर्षांनी, १९९३ मध्ये, अमेरिकी काँग्रेसने या प्रकाराबद्दल ठराव करून रीतसर माफी मागितली. राज्य मात्र परत मिळालं नाही.

पर्यटनाच्या लेखात हे राजकारण कशाला, असं वाटेल. पण हवाईतले मूळ रहिवासी आजही पर्यटनाबद्दल बोलताना इथूनच सुरुवात करतात. जमिनी, साखरेचे मळे, जहाजं आणि बँका ज्या मोजक्या घराण्यांच्या हातात गेल्या, त्यांच्याच वर्तुळातून पुढे पर्यटनाचा प्रचार सुरू झाला.

१९०३: १५ हजार डॉलर आणि एक समिती

हवाई आता अमेरिकेचा 'टेरिटरी' होता, म्हणजे अमेरिकेच्या ताब्यात असलेला पण राज्याचा दर्जा नसलेला प्रदेश. १९०१ मध्ये वायकिकीच्या किनाऱ्यावर मोआना हॉटेल उभं राहिलं होतं. खोल्या तयार होत्या, पण त्या भरणार कशा?

होनोलुलू चेंबर ऑफ कॉमर्स आणि मर्चंट्स असोसिएशन यांनी मिळून हवाई प्रमोशन कमिटी स्थापन केली. टेरिटरीच्या विधिमंडळाने तिला १५ हजार डॉलर दिले. ही रचना नीट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी भांडणं तिच्यातूनच निघाली. संस्था व्यापाऱ्यांची, पैसा बराचसा जनतेचा.

आपल्याकडच्या एमटीडीसीशी तुलना केली तर फरक कळेल. १९७५ साली स्थापन झालेलं एमटीडीसी हे सरकारी महामंडळ आहे आणि ते स्वतः निवासस्थानं चालवतं. हवाईच्या समितीचा हॉटेलधंद्याशी थेट संबंध नव्हता. ती फक्त प्रतिमा विकायची. पत्रकं छापायची, मासिकांत जाहिराती द्यायच्या, मुख्य भूमीवर कार्यालयं उघडायची, छायाचित्रकारांना आणि लेखकांना फिरवायचं. इन्फ्लुएन्सर मार्केटिंग म्हणतात ते हेच, फक्त तेव्हा रील नव्हत्या.

आणि इन्फ्लुएन्सर मिळालेही. कादंबरीकार जॅक लंडन १९०७ मध्ये वायकिकीला आला, सर्फिंग शिकला, उन्हाने भाजून निघाला आणि त्यावर मासिकात लेख लिहिला. तिथेच त्याला भेटलेला अलेक्झांडर ह्यूम फोर्ड हा उत्साही प्रचारक. त्याने १९०८ मध्ये सर्फिंग आणि होडीसाठी 'आउटरिगर कॅनू क्लब' सुरू केला. सर्फिंग हा हवाईच्या लोकांचा शेकडो वर्षं जुना खेळ. तो आता पर्यटकांसाठीच्या पत्रकावर आला. वायकिकीचाच मुलगा ड्यूक काहानामोकू याने १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये १०० मीटर फ्रीस्टाइल पोहण्याचं सुवर्णपदक जिंकलं आणि हवाईला जिवंत चेहरा मिळाला.

खरा धमाका मात्र १९१५ मध्ये झाला. सॅन फ्रान्सिस्कोत पनामा-पॅसिफिक प्रदर्शन भरलं. तिथल्या हवाई दालनात रंगीत मासे होते आणि दिवसभर हवाईयन वादकांचा ताफा वाजवत असे. लाखो अमेरिकनांनी उकुलेले पहिल्यांदा ऐकलं ते तिथे. पुढची काही वर्षं अमेरिकेत हवाईयन संगीताच्या तबकड्या तुफान खपल्या. गंमत म्हणजे उकुलेले मूळचं हवाईचं नाही. १८७९ मध्ये मडेइरा बेटावरून उसाच्या मळ्यांत काम करायला आलेल्या पोर्तुगीज मजुरांनी आपलं छोटं तंतुवाद्य सोबत आणलं होतं, त्याचं हे रूप.

दलदल बुजवली आणि वायकिकी तयार झालं

१९१९ मध्ये समितीचं नाव हवाई टुरिस्ट ब्युरो झालं. त्यानंतरच्या दशकात आज आपण फोटोत पाहतो ते वायकिकी घडलं.

आधीचं वायकिकी म्हणजे डोंगरातून येणाऱ्या ओढ्यांच्या पाण्यावर पोसलेली पाणथळ जमीन. तिथे तारोची शेती होती. तारो हे आपल्या अळूच्या कुळातलं कंद. हवाईत त्याचा लगदा करून 'पोई' खातात आणि तिथल्या लोकांसाठी ते नुसतं पीक नाही, पूर्वज आहे. नंतर चिनी शेतकऱ्यांनी त्याच पाण्यात भात लावला, बदकं पाळली. डासांचं आणि अस्वच्छतेचं कारण देत प्रशासनाने ही जमीन कोरडी करायचं ठरवलं. १९२० च्या दशकात सुमारे ३ किलोमीटर लांबीचा अला वाय कालवा खोदला गेला, ओढ्यांचं पाणी तिकडे वळवलं आणि निघालेल्या गाळाने शेतं बुजवली. शेतकरी गेले, भूखंड पडले. किनाऱ्यावरची वाळूसुद्धा पुढे वेळोवेळी दुसरीकडून आणून टाकावी लागली.

१ फेब्रुवारी १९२७ ला याच किनाऱ्यावर गुलाबी रंगाचं रॉयल हवाईयन हॉटेल उघडलं. खोल्या ४००, खर्च सुमारे ४० लाख डॉलर. बांधणारी होती मॅटसन ही जहाज कंपनी आणि तिचे भागीदार. मॅटसनचं गणित सोपं होतं. कॅलिफोर्नियातून हवाईला पोचायला साडेचार-पाच दिवस लागत. पर्यटक आमच्या जहाजातून येणार, आमच्याच हॉटेलात उतरणार. टुरिस्ट ब्युरोचा प्रचार आणि मॅटसनच्या जाहिराती एकमेकांना धरून चालत.

जहाज बंदरात लागण्याचा दिवस 'बोट डे' म्हणून साजरा व्हायचा. बँड वाजायचा, लेई विकणाऱ्या बायका धक्क्यावर रांगेत बसायच्या, प्रवाशांनी फेकलेली नाणी पकडायला पोरं पाण्यात सूर मारायची. फुलांची माळ देऊन स्वागत करणं ही हवाईची जुनी रीत. १९२८ मध्ये एका कवी-पत्रकाराच्या सूचनेवरून १ मे हा 'लेई दिन' म्हणून साजरा होऊ लागला.

१९२२ मध्ये सुमारे ९,७०० पर्यटक आले होते. १९२९ मध्ये २२ हजार. त्यानंतर मंदी आली, तरी ब्युरोचं काम थांबलं नाही. उलट सगळ्यात प्रभावी कल्पना मंदीच्या काळातल्याच आहेत.

३ जुलै १९३५ ला मोआना हॉटेलच्या अंगणातल्या वडाच्या झाडाखालून 'हवाई कॉल्स' हा रेडिओ कार्यक्रम सुरू झाला. वेब्ली एडवर्ड्स निवेदक. हवाईयन गाणी आणि मागे समुद्राची खरी गाज. बर्फात अडकलेल्या अमेरिकेत लोक हा कार्यक्रम ऐकत बसत. तो तब्बल ४० वर्षं, १९७५ पर्यंत चालला. त्याला सरकारी आणि ब्युरोचा पैसा मिळत असे. पैसा आटला, कार्यक्रम संपला.

१९३७ मध्ये कोडॅक कंपनीच्या हवाई शाखेने मोफत हुला शो सुरू केला. मोफत का? तर पर्यटकांना हुलाचे फोटो काढायचे असत, पण हुलाचे कार्यक्रम रात्री व्हायचे आणि त्या काळच्या फिल्मला उजेड पुरत नसे. मग दिवसाउजेडी, प्रेक्षकांच्या मागे ऊन राहील अशा बेताने शो भरवला. फिल्म खपली आणि हवाईचे लाखो फोटो घरोघरी पोचले. हा शो २००२ पर्यंत चालला. पर्यटकांनाच प्रचारक बनवण्याची ही युक्ती इन्स्टाग्रामच्या ७० वर्षं आधीची आहे.

आणि तो फुलाफुलांचा शर्ट? 'अलोहा शर्ट' या नावाची नोंदणी होनोलुलूतल्या एलरी चन या चिनी वंशाच्या दुकानदाराने १९३० च्या दशकात केली. त्या शर्टाच्या इतिहासात एक भारतीय धागाही आहे. सिंधमधल्या हैदराबादहून आलेले जी. जे. वाटुमल होनोलुलूत 'ईस्ट इंडिया स्टोअर' चालवत. १९३६ मध्ये त्यांनी आपल्या मेहुणीला, एल्सी दास यांना, हवाईची फुलं-पानं वापरून नक्षी काढायला सांगितली. कापड जपानमध्ये छापून यायचं. तोवर शर्टांवर बरीचशी जपानी चित्रं असत. हवाईची फुलं कापडावर आणण्यात या सिंधी दुकानाचा वाटा मोठा.

युद्ध, जेट आणि एक नवा शब्द

१९४१ मध्ये पर्यटकांची संख्या ३२ हजारांच्या जवळ पोचली होती. ७ डिसेंबरला पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि सगळं थांबलं. लष्करी कायदा लागू झाला, वायकिकीच्या वाळूत काटेरी तारा आल्या, रॉयल हवाईयन हॉटेल नौदलाने आपल्या सैनिकांच्या विश्रांतीसाठी घेतलं.

युद्ध संपता संपता ब्युरो पुन्हा उभा राहिला, यावेळी हवाई व्हिजिटर्स ब्युरो या नावाने. 'टुरिस्ट' जाऊन 'व्हिजिटर' आला. टुरिस्ट म्हणजे गिऱ्हाईक, व्हिजिटर म्हणजे पाहुणा. हवाईत आजही सरकारी कागदपत्रांत आणि बातम्यांत हाच शब्द चालतो. शब्द बदलून नातं बदलतं का, हा प्रश्न मात्र त्याच शब्दाच्या मागे लागलेला आहे.

१९४७ मध्ये पर्यटक कमी असलेल्या शरद ऋतूत 'अलोहा वीक' सुरू झाला. रस्त्याकडेला प्रेक्षणीय स्थळांवर झगा आणि शिरस्त्राण घातलेल्या हवाईयन योद्ध्याचं चिन्ह असलेले फलक दिसू लागले. तेही ब्युरोचेच.

इथे थर्स्टन घराणं पुन्हा येतं. थर्स्टनचा मुलगा लॉरिन पी. थर्स्टन हा 'होनोलुलू अॅडव्हर्टायझर' वृत्तपत्राचा प्रकाशक. त्याच्या पुढाकाराने १९५१ मध्ये 'पॅसिफिक एरिया ट्रॅव्हल असोसिएशन' म्हणजे 'पाटा' ही संघटना हवाईत जन्माला आली. एकट्या हवाईसाठी पर्यटक आणण्यापेक्षा सगळ्या प्रशांत महासागरी देशांनी एकत्र प्रचार करावा, ही कल्पना. १९८६ मध्ये तिच्या नावातला 'एरिया' जाऊन 'एशिया' आलं, १९९८ मध्ये मुख्यालय सॅन फ्रान्सिस्कोहून बँकॉकला गेलं. आशियातल्या पर्यटन व्यवसायात आज मोठं मानलं जाणारं हे व्यासपीठ होनोलुलूचं बाळ आहे, हे फार कमी जणांना माहीत असतं.

मग आलं १९५९. ऑगस्टमध्ये हवाई अमेरिकेचं ५० वं राज्य झालं आणि त्याच वर्षी तिथे जेट विमानं उतरू लागली. १९३६ मध्ये पॅन अॅमच्या समुद्री विमानाने सॅन फ्रान्सिस्कोहून यायला जवळपास २० तास लागत आणि तिकीट फक्त श्रीमंतांना परवडे. जेटने हा प्रवास ५ तासांवर आणला. दोन वर्षांत एल्विस प्रेस्लीचा 'ब्लू हवाई' आला, १९६८ मध्ये 'हवाई फाइव्ह-ओ' ही मालिका टीव्हीवर सुरू झाली.

१९५९ मध्ये २ लाख ४३ हजार पर्यटक होते. १९६७ मध्ये आकडा ११ लाखांवर गेला. दुसरीकडे साखर आणि अननसाचे मळे हळूहळू बंद पडू लागले. शेवटचा साखर कारखाना, माउईवरचा, २०१६ च्या डिसेंबरमध्ये बंद झाला. १९०३ मध्ये पर्यटन हा जोडधंदा होता. आता दुसरा धंदाच उरला नव्हता.

हिलोचा महोत्सव: उलटं घडलेलं उदाहरण

प्रचारासाठी सुरू केलेली प्रत्येक गोष्ट खोटीच ठरते असं नाही. १९६० मध्ये त्सुनामीने हिलो शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त केला. शहरात पर्यटक यावेत म्हणून तिथल्या स्थानिक प्रशासनाने १९६० च्या दशकात 'मेरी मोनार्क' महोत्सव सुरू केला. नाव राजा कालाकाउआवरून. मिशनऱ्यांच्या दबावाखाली हुलाच्या जाहीर सादरीकरणावर १८५९ पासून बंधनं होती. या राजाने हुला पुन्हा दरबारात आणला होता.

सुरुवातीची काही वर्षं महोत्सव करमणुकीच्या अंगाने चालला आणि फारसा जमला नाही. १९७१ मध्ये त्यात हुला स्पर्धा आली आणि सगळं बदललं. गुरू आपल्या शिष्यांना वर्षभर तयार करू लागले, जुने मंत्र आणि मूळ हवाईयन भाषेतला हुला मंचावर येऊ लागला. ही भाषा १८९६ च्या कायद्याने शाळांतून हद्दपार झाली होती. १९७८ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती होऊन तिला अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला. मेरी मोनार्क आज हवाईयन लोकांचा स्वतःचा महोत्सव आहे. पर्यटकांना तिकीट मिळणं कठीण जातं आणि त्याचं आयोजकांना वाईट वाटत नाही.

पैसा जनतेचा, निर्णय कुणाचा?

१९८० च्या दशकात जपानी पर्यटकांची लाट आली. १९८६ मध्ये हवाईने हॉटेलच्या खोल्यांवर कर लावणारा कायदा केला. नंतर जपानचा फुगा फुटला आणि १९९० च्या दशकात हवाईची अर्थव्यवस्था गडगडली. एका ग्राहकावर अवलंबून राहिल्याची ती किंमत होती.

तोपर्यंत व्हिजिटर्स ब्युरोवर लोकांचा प्रश्न होताच. सभासद हॉटेलवाले आणि विमान कंपन्या, पण खर्च सरकारी तिजोरीतून, मग हिशेब कुणाला देणार? १९९८ मध्ये सरकारने वेगळं हवाई टुरिझम ऑथॉरिटी स्थापन केलं आणि हॉटेल करातला हिस्सा त्याला बांधून दिला. त्याच वर्षी होनोलुलूचं भव्य कन्व्हेन्शन सेंटर उघडलं. ब्युरोने त्याच सुमारास आपल्या नावात 'कन्व्हेन्शन' जोडून घेतलं होतं. आता तो प्राधिकरणाचा कंत्राटदार झाला.

व्यवस्था कागदावर छान होती. प्रत्यक्षात राज्याच्या लेखापरीक्षकांनी २००३ मध्ये ब्युरोच्या खर्चावर आणि २०१८ मध्ये प्राधिकरणाच्या देखरेखीवर कडक ताशेरे ओढले.

पण हिशेबापेक्षा खोल आक्षेप वेगळा होता. हवाई विद्यापीठातल्या प्राध्यापक आणि मूळ हवाईयन नेत्या हौनानी-के ट्रास्क यांनी १९९० च्या दशकात तो सगळ्यात धारदारपणे मांडला. पर्यटन हवाईयन संस्कृतीला विकाऊ वस्तू बनवतं, हवाईयन माणसाला नोकर बनवतं आणि घरं इतकी महाग करतं की त्याला आपलंच बेट सोडावं लागतं, असा त्यांचा युक्तिवाद. पर्यटकांनी हवाईला येऊच नये असं त्या उघड सांगत. तेव्हा अनेकांना हे टोकाचं वाटलं. २०२० च्या जनगणनेत मात्र दिसलं की निम्म्याहून अधिक मूळ हवाईयन आता हवाईबाहेर राहतात. याला एकटं पर्यटन जबाबदार नाही. पण पगार पर्यटनातले आणि घरांच्या किमती जगभरातल्या श्रीमंतांच्या, हा मेळ बसत नाही हे उघड आहे.

२०१९ मध्ये विक्रम झाला. १ कोटी ४ लाख पर्यटक, कोणत्याही एका दिवशी बेटांवर सरासरी अडीच लाख पाहुणे, वर्षाचा एकूण खर्च १७ अब्ज डॉलरहून अधिक. महागाई वजा केली तर मात्र हा खर्च तीस वर्षांपूर्वीच्या तुलनेत फारसा वाढलेला नव्हता, पर्यटक मात्र कितीतरी वाढले होते. म्हणजे गर्दी वाढली, रस्ते तुंबले, प्रवाळ तुडवले गेले, आणि माणशी मिळकत घसरली. प्राधिकरणाच्या स्वतःच्या सर्वेक्षणांत बहुसंख्य रहिवासी म्हणू लागले की आमची बेटं आमच्यासाठी नाही, पर्यटकांसाठी चालवली जातात.

रिकामा किनारा

२६ मार्च २०२० पासून येणाऱ्या प्रत्येकाला १४ दिवसांचं विलगीकरण सक्तीचं झालं. एप्रिल २०१९ मध्ये साडेआठ लाखांहून अधिक पर्यटक आले होते. एप्रिल २०२० मध्ये आले ४,५६४.

लाखो लोकांच्या नोकऱ्यांवर संकट आलं, आणि त्याच वेळी स्थानिक कुटुंबं कित्येक वर्षांनी वायकिकीवर निवांत बसलेली दिसली. हनाउमा बे या प्रवाळांनी भरलेल्या उपसागरात पाणी स्वच्छ झालं, मासे किनाऱ्यालगत येऊ लागले. तो पुन्हा उघडला तेव्हा रोजच्या माणसांवर मर्यादा, आधी नोंदणी आणि बाहेरच्यांना पुढे २५ डॉलर शुल्क. काउआई बेटावरच्या हाएना उद्यानात ही पद्धत आधीच आली होती. २०१८ च्या पुरानंतर ते उघडताना दिवसाला ९०० जणांची मर्यादा घातली गेली. डायमंड हेडसाठीही आता बाहेरच्यांना आधी नोंदणी करावी लागते.

सप्टेंबर २०२० मध्ये जॉन डी फ्राईस प्राधिकरणाचे प्रमुख झाले. या पदावर आलेले ते पहिले मूळ हवाईयन. त्यांच्या काळात 'मालामा' हा शब्द मोहिमेचं नाव झाला. मालामा म्हणजे जपणं, सांभाळणं. पर्यटकाने किनारा साफ करावा, झाडं लावावीत आणि हॉटेलने त्याला सवलत द्यावी, अशी कल्पना. कौतुक झालं, थट्टाही झाली. सुट्टीवर आलेल्या माणसाच्या दोन तासांच्या श्रमदानाने १ कोटी विमानप्रवासांचा हिशेब मिटतो का, असं विचारणारे होतेच.

आमदारांचा धीर मात्र सुटला होता. २०२१ मध्ये विधिमंडळाने राज्यपालांचा नकाराधिकार डावलून कायदा केला आणि प्राधिकरणाला हॉटेल करातून मिळणारा बांधलेला हिस्सा काढून घेतला. २०२३ मध्ये तर प्राधिकरण बरखास्त करण्याची विधेयकं आली आणि अर्थसंकल्पात त्याची वेगळी तरतूदच राहिली नाही, दुसरीकडून सोय करावी लागली.

कंत्राटाचं भांडण

२०२२ मध्ये अमेरिकेतल्या प्रचाराचं कोट्यवधी डॉलरचं कंत्राट निघालं. १९०३ पासून हे काम या ना त्या नावाने ब्युरोकडेच होतं. यावेळी प्राधिकरणाने ते कौन्सिल फॉर नेटिव्ह हवाईयन अॅडव्हान्समेंट या मूळ हवाईयन संस्थेला दिलं. हवाईची गोष्ट जगाला सांगण्याचं काम हवाईयन लोकांच्याच हाती येणार, म्हणून अनेकांनी जल्लोष केला. ब्युरोने निर्णयाला रीतसर आव्हान दिलं. महिनोन्‌महिने घोळ चालला आणि वर्षअखेरीस सगळी प्रक्रियाच रद्द झाली.

२०२३ मध्ये काम दोन तुकड्यांत वाटलं गेलं. अमेरिकेत जाहिरात करण्याचं कंत्राट पुन्हा ब्युरोला. आलेल्या पर्यटकांना वागायचं कसं हे शिकवण्याचं, समाजातले उपक्रम चालवण्याचं काम कौन्सिलला. हा समेट व्यवहारी होता यात शंका नाही. पण त्यातून जुनंच चित्र थोडं पुन्हा उभं राहिलं. बोलावणं एकाचं आणि निस्तरणं दुसऱ्याचं.

त्यानंतर काही महिन्यांतच, ८ ऑगस्ट २०२३ ला, माउईवरचं लाहाइना हे जुनं राजधानीचं शहर आगीत जळालं. सुमारे १०० जण मेले, हजारो बेघर झाले. पर्यटकांनी पश्चिम माउईत येऊ नये असं आवाहन झालं. लोक घाबरून संपूर्ण माउईच टाळू लागले, हॉटेलं रिकामी पडली आणि ज्यांची घरं जळली त्यांच्याच नोकऱ्याही जाऊ लागल्या. मग 'या, पण समजून या' असा प्रचार सुरू करावा लागला. ऑक्टोबरमध्ये पश्चिम माउई टप्प्याटप्प्याने उघडायला लागलं तेव्हा हजारो रहिवाशांनी सह्या करून विरोध केला, कारण विस्थापित कुटुंबं अजून त्याच हॉटेलांच्या खोल्यांत राहत होती.

२०२५ मध्ये हवाईने 'ग्रीन फी' म्हणून ओळखला जाणारा कायदा केला. १ जानेवारी २०२६ पासून हॉटेलच्या खोलीवरचा राज्याचा कर पाऊण टक्क्याने वाढून ११ टक्के झाला. त्यावर जिल्हा प्रशासनांचे ३ टक्के वेगळे. वाढीव पैसा किनाऱ्यांची धूप रोखणं, वणवे टाळणं आणि निसर्ग सावरणं यासाठी वापरायचा आहे. १९०३ मध्ये विधिमंडळाने पर्यटक यावेत म्हणून १५ हजार डॉलर दिले होते. आता ते आल्यावर जे झिजतं त्याच्या डागडुजीचा खर्च त्यांच्याच बिलात लिहिला जातो आहे.